ओवणे आणि गाठवणे



निमंत्रणपत्रिकेवरचे शीर्षक वाचून आपल्यापैकी काहींना प्रश्न पडला असेल की आजचे व्याख्यान भाषेवर आहे की दागिन्यांवर. खरे सांगायचे तर ते दोऱ्यावर आहे. आपल्या घरात दागिन्यांच्या संदर्भात दोन क्रियापदे रोज वापरली जातात आणि आपण त्यांतला फरक सहसा लक्षात घेत नाही. मणी आपण ओवतो, पण दागिना गाठवून घेतो. ओवणे सात वर्षांच्या मुलीलाही येते. सुई, दोरा आणि थोडा धीर एवढे तिला पुरते. गाठवणे हे मात्र पटवेकऱ्याचे काम. ओवल्याने मणी एका रांगेत येतात. त्या रांगेचा दागिना होतो तो दोन्ही टोके बंदिस्त झाल्यावर, म्हणजे गाठवल्यावर. दागिन्यांचा इतिहास आजवर सोने, मोती आणि खडे यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला. गाठीच्या अंगाने तो फारसा लिहिला गेला नाही. आज तसा थोडा प्रयत्न करणार आहे.

या विषयाकडे मी वळले ते एका चुकीमुळे, आणि ती चूक माझीच होती. माझ्या सासूबाईंकडून मला एक तन्मणी मिळाला. मधोमध खोड, दोन्ही बाजूंना बारीक मोत्यांचे सर, आणि मागे रेशमी दोरीला गोंडा. दोरी मळली होती, एक सर सैल झाला होता. मी तो बाजारातल्या एका दुकानात गाठवायला दिला. चार दिवसांनी परत आला तेव्हा मोती चकचकीत दिसत होते. दोरीच्या जागी नायलॉनचे आवरण असलेली पोलादी तार होती आणि मागे एक तयार हूक. काम नीटनेटके होते, तक्रारीला जागा नव्हती. पण गळ्यात घातल्यावर तन्मणी बसेना. पूर्वी तो गळ्याच्या घाटाप्रमाणे वळायचा, आता तारेच्या ताठपणाने उभा राहत होता. मी विचारले, "जुनी दोरी कुठे आहे?" दुकानातला मुलगा म्हणाला, "ती तर टाकून दिली, काकू. कुजली होती."

कुजली होती हे खरेच. दोरा कुजतो, म्हणून तो बदलायचा असतो. पण ती दोरी कोणत्या पद्धतीने वळली होती, सरांची टोके तिच्यात कशी गुंफली होती, गोंडा कुठे सुरू होत होता, हे मी कधी निरखून पाहिले नव्हते आणि आता पाहणे शक्य नव्हते. मोती सगळे मोजून परत मिळाले होते. मग हरवले ते काय, या प्रश्नाने मला पुढे बरेच वाचायला लावले.

त्या वाचनात सर्वांत आधी एक आश्चर्य हाती आले. बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे नवाश्मयुगीन दफनात तांब्याचे मणी सापडले. काळ इसवी सनापूर्वीचे सहावे सहस्रक. त्यांतल्या एका मण्याच्या भोकात दोऱ्याचे अवशेष शिल्लक होते. तांब्याच्या क्षारांनी ते तंतू जणू खनिज होऊन टिकले होते. तपासणीत तो दोरा कापसाचा निघाला, आणि जुन्या जगातल्या कापसाच्या वापराचा तो सर्वांत जुना पुरावा मानला जातो. श्रोतेहो, कापसाचा इतिहास सुरू होतो तो धोतरापासून किंवा लुगड्यापासून नाही, तर एका मण्यात अडकून राहिलेल्या दोऱ्यापासून.

रेशमाची कथा अशीच आहे. रेशीम म्हणजे चीन, असे आपण शाळेत शिकलो. पण 2009 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हडप्पा आणि चन्हूदडो येथील दागिन्यांमध्ये रानरेशमाचे तंतू आढळल्याचे दाखवले गेले. काळ साधारण इसवी सनापूर्वी 2450 ते 2000. हडप्पाचे तंतू तांब्याच्या तारेच्या दागिन्यांवर होते, तर चन्हूदडोचे तंतू अगदी बारीक मण्यांच्या आत. पटवेकरी हा शब्द 'पट्ट' म्हणजे रेशीम या शब्दाशी जोडला जातो. रेशमात मणी बांधण्याची कला आपल्या उपखंडात किती जुनी आहे, याची साक्ष त्या मण्यांच्या पोटात चार हजार वर्षे पडून होती. उत्खननातून आलेला मणी कोणी हौसेने टोकरून स्वच्छ केला असता, तर ही साक्ष कचऱ्यात गेली असती. माझ्या तन्मण्याची दोरी गेली तशीच.

आता गाठीकडे येऊ. मण्यांच्या माळेत दोरा सहसा मधे तुटत नाही. तो तुटतो टोकाशी, जिथे तो कडीला किंवा फाशाला घासतो. दुसरी धोक्याची जागा म्हणजे मण्याच्या भोकाची कडा. ती धारदार असेल तर करवतीसारखी दोरा कापत राहते. म्हणून बोरमाळेचे पोकळ सोन्याचे मणी लाखेने भरतात. लाखेमुळे पातळ पत्र्याला आधार मिळतो आणि दोऱ्याला मऊ वाट मिळते. मोत्याचे कष्ट उलटे. तो मुळात मऊ, शेजारच्या मोत्यावर घासून झिजणारा. त्यासाठी काही ठिकाणी प्रत्येक दोन मोत्यांमध्ये बारीक गाठ मारतात. मोती एकमेकांना घासत नाहीत, आणि दोरा तुटलाच तर एखादाच मोती निसटतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. फाशाजवळचा दोरा झाकायला जरीकामातल्या सलम्यासारखी बारीक वळणाची तार चढवतात. मग घासते ती तार, आणि दोरा वाचतो. या सगळ्या युक्त्यांचे तत्त्व एकच: ज्या जागेवर ताण येतो, तिला आधी ओळखा.

ही ओळख सिंधू संस्कृतीतल्या कारागिरांना पुरेपूर होती. मोहेंजोदडोचा कार्नेलियनच्या, म्हणजे तांबड्या अकीकाच्या, लांब मण्यांचा कमरपट्टा प्रसिद्ध आहे. एकेका लांब मण्याला भोक पाडायला कित्येक दिवस लागत. पण माझे लक्ष मण्यांपेक्षा त्यांच्या मधल्या आणि शेवटच्या धातूच्या तुकड्यांकडे जाते. मधे अनेक भोकांचे धातूचे तुकडे आहेत. प्रत्येक सर आपापल्या भोकातून जातो, म्हणजे सर एकमेकांत गुंतत नाहीत. टोकाला अर्धवर्तुळाकार टोपण आहे. एका बाजूने अनेक सर आत शिरतात आणि दुसऱ्या बाजूने एकच दोरी बाहेर पडते. अनेकांचा ताण एकावर आणायचा आणि ती एक दोरी कमरेमागे बांधायची. आजही अनेक पदरांच्या हाराला टोकाशी जो तिकोनी पत्रा असतो, तो करतो ते काम हेच.

आपल्या अगदी जवळचे उदाहरण हवे असेल तर अहमदाबाद जिल्ह्यातील लोथल घ्या. तिथे मण्यांचा कारखाना आणि मणी भाजण्याची भट्टी सापडली. खंभातचे अकीकाचे कारागीर तर आजही मणी घडवत आहेत. पण मणी घडवणाऱ्याचे हत्यार सापडते, भट्टी सापडते. गाठवणाऱ्याचे काय सापडणार? त्याची हत्यारे म्हणजे बोटे, दात आणि पायाचा अंगठा.

अंगठा हे मी गमतीने म्हणत नाही. पटवेकरी मांडी घालून बसतो, एक पाय थोडा पुढे घेतो, दोरीचे टोक अंगठ्याला अडकवतो आणि ताणून धरतो. दोन्ही हात मोकळे राहतात. मग सरांची टोके एकत्र घेऊन त्यांवर रेशीम किंवा जर इतकी घट्ट गुंडाळतो की गाठ दिसतच नाही. दिसतो तो एक गुळगुळीत वेढा. चांगल्या गाठवणाऱ्याची कसोटी हीच, की त्याची गाठ सापडू नये. इतिहासालाही ती सापडली नाही, हा त्यातला विनोद म्हणा की शोकांत म्हणा.

तरी ग्रंथांनी त्याला अगदीच विसरलेले नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णकामाचे तीन प्रकार सांगितले आहेत: क्षेपण, गुण आणि क्षुद्रक. क्षेपण म्हणजे जडावाचे काम, क्षुद्रक म्हणजे भरीव, पोकळ आणि रव्याचे काम, आणि गुण म्हणजे दोऱ्याचे काम. संस्कृतात 'गुण' या शब्दाचा एक अर्थ दोरा आहेच. म्हणजे राजाच्या सुवर्णशाळेत गुंफण्याच्या कामाला जडावाच्या बरोबरीची वेगळी जागा होती. त्याच ग्रंथात मोत्यांच्या हारांची नावे सरांच्या संख्येवरून दिली आहेत. 1008 सरांचा इंद्रच्छंद, 504 सरांचा विजयच्छंद, 27 सरांची नक्षत्रमाला. इंद्रच्छंद कोणी खरोखर गळ्यात घालत असेल का, ठाऊक नाही. पण हाराची ओळख मोत्यांच्या किमतीवरून नव्हे तर सरांच्या रचनेवरून ठरत होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावर आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आपण ज्याला ग्रंथ म्हणतो तो शब्द आणि आपली गाठ, दोन्ही बांधण्याच्या एकाच धातूतून आले. ताडपत्रांना भोक पाडून त्यांतून दोरी ओवली की पोथी तयार होई, आणि दोरी तुटली की पानांचा क्रम जाई. सूत्र हा शब्दही दोऱ्याचाच. ओवी हे नाव ओवण्यावरून आले असे मानतात. गीतेच्या सातव्या अध्यायात सर्व विश्व परमेश्वरात कसे आहे हे सांगताना दोऱ्यात ओवलेल्या मण्यांचाच दृष्टांत येतो. मणी दिसतात आणि दोरा दिसत नाही, म्हणूनच तो दृष्टांत तिथे शोभतो.

जपमाळेत तर बंद करण्याच्या जागेलाच देवत्व दिले आहे. 108 मणी झाले की दोऱ्याची दोन्ही टोके एका मोठ्या मण्यातून बाहेर काढून गाठ मारतात. तो मेरुमणी. मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची, असा दंडक. श्रद्धेच्या अंगाने त्याचा अर्थ मोठा आहेच. गाठवणाऱ्याच्या अंगाने पाहिले तर हेही खरे, की माळेतला सर्वांत नाजूक जोड बोटांच्या ओढीपासून वाचतो.

आपल्या मराठी दागिन्यांत गोंड्याच्या दोरीचे स्थान असेच विचारपूर्वक ठरलेले आहे. ठुशी, चिंचपेटी, तन्मणी हे गळ्यालगत बसणारे दागिने. त्यांच्या मागे दोन दोऱ्या एका सरकत्या वेढ्यातून जातात. वेढा वर सरकवला की दागिना आवळतो, खाली ओढला की सैल होतो. टोकांना गोंडे असतात म्हणून दोरी निसटत नाही. एकत्र कुटुंबात एकच चिंचपेटी सासू, जावा आणि माहेरवाशिणी आळीपाळीने घालत. गळे वेगवेगळे, दागिना एक. धातूच्या फाशाने लांबी कायमची ठरते. दोरी मात्र ज्या गळ्यात जाईल त्याची होते. माझ्या तन्मण्याचे काय हरवले, याचे उत्तर मला इथे मिळाले. तो आता फक्त एका मापाच्या गळ्याचा उरला होता, आणि ते माप माझे नव्हते.

याचा अर्थ तार वाईट असा मात्र नाही. तारेची परंपराही आपली स्वतःची आहे. नथीकडेच पाहा. मोती सोन्याच्या तारेत ओवायचे, बारीक तारेचे वेढे देऊन जखडायचे, आणि टोकाला असा वाक द्यायचा की नाकात अडकल्यावर ती आपल्या वजनाने फिरू नये. नाकातल्या दागिन्याची चाल आपल्याकडे तुलनेने उशिराची, हे प. कृ. गोडे यांनी आपल्या लेखात दाखवून दिले. पण ती आल्यावर मराठी कारागिरांनी तारेच्या कामाचा असा काही कळस गाठला की नथ म्हटले की मराठी बाई डोळ्यांसमोर उभी राहावी. पुढे नाक न टोचणाऱ्या मुलींसाठी चापाची नथ आली. पाटल्यांना, तोड्यांना मळसूत्राचा खिळा होता, कुड्यांना फिरकी होती. मंगळसूत्राची काळी पोत पूर्वी सुतात किंवा रेशमात असे. ती हळूहळू सोन्याच्या तारेत गाठवली जाऊ लागली. प्रत्येक मण्याच्या दोन्ही बाजूंना तारेची कडी, कडीत कडी. तारेला घामाची भीती कमी, आणि बाईला रोज कामे करायची असतात.

दोष साधनाचा नसतो, ते कुठे वापरले त्याचा असतो. जड दगडी मण्यांच्या माळेला आजची आवरण असलेली पोलादी तार रेशमापेक्षा नक्कीच चांगली. तिला गाठ धरत नाही, म्हणून धातूची बारीक नळी चिमट्याने दाबून ती पकडावी लागते. ती नळी कमी दाबली तर तार निसटते, जास्त दाबली तर तारच कापली जाते. तेही एक कौशल्यच आहे. मात्र बारीक मोत्यांच्या, वळणाऱ्या तन्मण्याला ती तार म्हणजे नऊवारीला पट्टा लावण्यासारखे आहे.

आता आपल्या बडोद्याची गोष्ट. खंडेराव महाराज गायकवाड यांची कारकीर्द 1856 ते 1870. त्यांच्या मोत्यांच्या हौसेच्या दोन खुणा जगप्रसिद्ध आहेत. एक सात सरांचा मोत्यांचा हार, दुसरी मोत्यांची चादर. हारातले निवडक 68 मोती पुढे दोन सरांत गुंफले गेले. त्याला हिऱ्याचा फासा बसला तो कार्तिए या फ्रेंच पेढीचा. 2007 साली न्यूयॉर्कच्या लिलावात तो दोनपदरी हार सत्तर लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेला. लिलावाच्या जगात फाशावर पेढीची सही असते आणि तिला मोल असते. सात सर ज्याने पहिल्यांदा गाठवले, त्याची सही कुठे असणार? त्याचा तर दोराही उरला नाही.

चादरीचे नशीब वेगळे. ती मदिनेला अर्पण करण्यासाठी करवली, असे परंपरेने सांगतात. बसऱ्याचे म्हणून ओळखले जाणारे बारीक मोती तिच्यावर रेशमाच्या पायावर एकेक करून टाचले आहेत. त्यांची संख्या पंधरा ते वीस लाखांच्या घरात सांगतात. तीही बडोद्यात राहिली नाही. 2009 साली दोहा येथे तिचा लिलाव झाला. पण ती गेली ती अखंड. सात सरांचा हार सोडवून दोन सरांचा करता आला, कारण सर सुटतात. चादर सुटत नाही. तिचे मोती वेगळे करायचे तर चादरच मोडावी लागेल. एकाच महाराजांच्या दोन वस्तू, पण त्यांचे भवितव्य ठरवले ते त्यांच्या बांधणीने.

सुटणाऱ्या सराची सर्वांत बोचरी कथा पुन्हा मोहेंजोदडोची. तिथला एक हार हिरव्या जेडच्या पिंपाकार मण्यांचा. मधे सोन्याच्या चपट्या चकत्या, आणि खाली अकीक व जॅस्परची लोलके सोन्याच्या तारेने टांगलेली. 1947 साली फाळणी झाली तेव्हा उत्खननातल्या वस्तूंचीही वाटणी झाली. ही वाटणी बरोबर अर्धी अर्धी व्हावी म्हणून हा हार मधोमध तोडला गेला. अर्धा भारताकडे, अर्धा पाकिस्तानकडे. कार्नेलियनच्या कमरपट्ट्याचे मणीही असेच वाटले गेले. मोजणी चोख झाली असणार, एकही मणी इकडे तिकडे गेला नसणार. पण गळ्यात घालायचा हार ज्या वेढ्यामुळे पूर्ण होतो, तो वेढा दोन्ही देशांकडे नाही. आपल्या भागाला दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात उत्तम जागा मिळाली आहे. तो पाहताना मला दुकानातून मोजून परत मिळालेले माझे मोती आठवतात.

दोऱ्याशिवाय रांग परत लावता येते का? कधी कधी येते. उर येथील राजसमाधींचे उत्खनन करताना लिओनार्ड वूली यांनी मणी उचलण्याआधी त्यांची जागा टिपली. नाजूक अवशेष वितळवलेल्या मेणाने जागच्या जागी धरून उचलले. दोरा केव्हाच कुजला होता, पण मातीत मणी ज्या क्रमाने पडले होते तो क्रम त्यांनी वाचवला. आज त्या समाधींतले दागिने आपण हार म्हणून पाहू शकतो ते त्या धीरामुळे. आणि त्यांत सिंधू खोऱ्यातून गेलेले कार्नेलियनचे मणीही आहेत.

आपल्या बाबतीत मातीची वाट पाहायची गरज नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, जिथे जिथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, तिथे तिथे त्या घरांबरोबर हे दागिनेही आले. शेजारच्या भाषेत त्यांना वेगळी नावे मिळाली, स्थानिक कारागिरांचे हात लागले. एखाद्या गोंड्यात मराठी वळण आणि गुजराती रंग एकत्र सापडेल. ही आपल्या वस्तीची बखर आहे आणि ती कागदावर नाही, कपाटातल्या डबीत मागच्या दोरीवर लिहिलेली आहे. दागिना प्रत्येक वेळी नव्याने गाठवला की तिचे एक पान जाते.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. जुना दागिना गाठवायला देण्यापूर्वी त्याची पुढून आणि मागून छायाचित्रे घ्या. मण्यांचा क्रम लिहून ठेवा. गाठवणारा जुन्या पद्धतीने काम करणारा असेल तर त्याच्या समोर बसा आणि तो कोणत्या गाठीला काय म्हणतो ते विचारा. ते शब्द अजून आपल्या कोशांत पुरेसे आलेले नाहीत. आणि काढलेला दोरा परत मागून घ्या. एका लहान पिशवीत, तारखेची चिठ्ठी घालून, त्याच डबीत ठेवा. जागा लागत नाही, खर्च नाही.

मंगळसूत्र तुटले तर आपण 'तुटले' म्हणत नाही, 'वाढले' म्हणतो. अशुभ शब्द टाळण्याची ती रीत आहे, हे सर्वांना माहीत आहे. पण त्या शब्दात शहाणपणही आहे. दोरा तुटला की दागिना संपत नाही, तो पुन्हा गाठवायचा असतो, आणि प्रत्येक गाठवण्यासरशी त्याचे आयुष्य वाढते. अट एवढीच, की आधीच्या गाठीची आठवण नव्या गाठीला असावी.

माझा तन्मणी मी मागच्या वर्षी पुन्हा सोडवला. एका वृद्ध पटवेकऱ्यांनी तो रेशमात गाठवून दिला. मूळची दोरी कशी होती हे मी त्यांना सांगू शकले नाही. त्यांनी त्यांच्या हातांना जे आठवत होते ते केले. गोंडा आता वेगळ्या रंगाचा आहे, पण वेढा सरकतो. परवा सुनेने घातला, तिलाही बसला.